407 चं इंजिन आणि गिअरबॉक्स बदलायचंय, सामान कुठलं घेऊ?

पत्र ओतूरहून आलंय. थोडक्यात असं:

"काका नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली 1999 ची टाटा 407 आहे, बिनटर्बोची. कांदा-टोमॅटो भरून माळशेज घाट उतरून वाशी मार्केटला जातो, येताना बऱ्याचदा रिकामी. आता सायलेन्सरमधून निळा धूर येतो, एका फेरीला दीड-दोन लिटर ऑइल टाकावं लागतं, चढाला ओढ राहिली नाही आणि घाट उतरताना थर्ड गिअर सुटतो. मिस्त्री म्हणतो दोन्ही काढून टाक, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून इंजिन-गिअरबॉक्सची जोडी आणू, सव्वा लाखात काम होईल. मित्र म्हणतो टाटाच्या मोठ्या 709 चं टर्बो इंजिन घाल, गाडी उडेल. वडील म्हणतात हेच इंजिन खोलून बांध. पैसे एकदाच घालू शकतो काका, सामान कुठलं घेऊ?"

अरे बाळा, सामानाचं नंतर बोलू, आधी एक ऐक. थर्ड गिअर उतारावर सुटतोय ना, मग तो दुरुस्त होईपर्यंत भरलेली गाडी माळशेजला न्यायची नाही. एक फेरीसुद्धा नाही, भाव कितीही चढला तरी नाही. भरल्या गाडीला उतारावर अर्धं तर इंजिन धरून ठेवतं, गिअर सुटला की ते धरणं एका क्षणात जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पॅडल खाली जायला लागतं आणि त्या वळणांवर पुन्हा गिअर टाकायला वेळ मिळेलच असं नाही. तोवर माल दुसऱ्याच्या गाडीने पाठव, भाडं जाईल तर जाऊदे.

आता तुझ्या प्रश्नावर. तू विचारतोस सामान कुठलं, पण तुझ्या पत्रात एकसुद्धा माप नाही. धूर निळा आहे, ओढ नाही, गिअर सुटतो, ही झाली लक्षणं. यावरून मिस्त्रीने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाद केले, पण खोलून कोणी बघितलंय का? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, काढला का? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे: तुझं स्वतःचं इंजिन खोल, मापं घे, आणि ब्लॉक (सिलेंडर असलेलं इंजिनाचं धड) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) धडधाकट निघाले तर तेच बांध. गिअरबॉक्सपण तोच खोल. बाहेरची जोडी हा शेवटचा पर्याय ठेव, आणि 709 चं टर्बो डोक्यातून काढून टाक. वडील बरोबर आहेत.

तुझ्या गाडीत 497 इंजिन आहे. या नंबरातच माप लपलंय, बऱ्याच जणांना माहीत नसतं. चार सिलेंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी, म्हणून 497. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 100, सगळं मिळून 2956 सीसी. मोठ्या टाटांमधलं 697 पण तसंच, सहा सिलेंडर आणि बोअर तोच 97, फक्त स्ट्रोक 128 चा. 407 आली 1986 ला, तेव्हापासून गावोगावच्या मिस्त्रींचे हात या इंजिनावर तयार झालेत, सामान तालुक्याच्या दुकानात पण मिळतं आणि मशीनिंग करणारे भोसरीला वाटेल तेवढे आहेत. असं इंजिन आपल्याकडे असताना ते भंगारात घालून दुसऱ्याचं झिजलेलं विकत घ्यायचं याला काही कारण पाहिजे ना, आणि ते कारण फक्त मापाने मिळतं.

तर माप कसं घ्यायचं. इंजिन गरम कर, ऑइल भरायचं टोपण उघड आणि ब्रीदरच्या पाइपाकडे बघ, तिथून धूर भकाभका येत असेल तर लायनर (सिलेंडरच्या आतलं नळकांडं) आणि पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन वेगवेगळं काढायला सांग. चारही सारखेच खाली आलेत तर सगळं मिळून झिजलंय, एकच खाली असेल तर कदाचित एक रिंग तुटली असेल किंवा वॉल्व्ह बसत नसेल, आणि कॉम्प्रेशन ठीक असून निळा धूर येत असेल तर वॉल्व्ह गाइड आणि सील बघायचे, तिथे हेडचं काम पुरतं, पूर्ण इंजिन बांधायची गरजच नाही. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर आयडलिंगला किती राहतं ते मीटर लावून बघ, डॅशबोर्डच्या लाइटवर विश्वास ठेवू नको. जुना ऑइल फिल्टर फेकू नको, कापून आतला कागद उलगड, त्यात चकाकणारे कण असतील तर बेअरिंग गेलंय आणि क्रँकला हात लावावा लागणार.

आणि एक प्रश्न मिस्त्रीला विचार, इंजिन झिजलं कशाने? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मी एकदा विचारला नव्हता, अजून लागतं मनाला. वीटभट्टीवरची एक गाडी माझ्याकडे बांधायला आली होती, मी लायनर-पिस्टन उत्तम घातले, पंप काढून दिला, गाडी खुशीत गेली आणि एका हंगामात परत आली, तसाच निळा धूर. एअर क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला होता, वरून दिसत नव्हता, आणि भट्टीची सगळी धूळ त्या चिरेतून सरळ सिलेंडरमध्ये जात होती. फार तर दोनशे रुपयांचा पाइप असेल. त्या माणसाचा पूर्ण हंगामाचा पैसा गेला आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी इंजिन उतरवायच्या आधी एअर क्लिनर, त्याचा पाइप आणि क्लॅम्प हातात घेऊन वाकवून बघतो. तू शेतातल्या रस्त्यावर गाडी घालतोस, तू तर नक्की बघ. तसंच पाणी. रेडिएटरला बोअरवेलचं पाणी घालत असशील तर त्याचा पांढरा थर आत बसतो, हेडभोवतीचं पाणी नीट फिरत नाही आणि इंजिन मीटर दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतं. रेडिएटर काढून कोअर साफ करून घे नाहीतर नवा कोअर टाक, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवी घाल, थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघ कारण बरेच जण तो काढूनच टाकतात, आणि पुढे कूलंट घालायचं. कारण न शोधता नवं सामान घातलं तर तेही त्याच कारणाने जाणार.

आता इंजिन खोललं आणि बांधायचं ठरलं असं धरू. पहिलं काम ब्लॉक आणि क्रँक मशीन शॉपमध्ये नेऊन मोजणं, सामान त्यानंतर घ्यायचं. लोक उलटं करतात, आधी किट आणतात आणि मग क्रँक घासून 0.50 मिलिमीटर अंडरसाइजला, म्हणजे बारीक, होतो तेव्हा बेअरिंग बदलायला दुकानात परत पळतात. क्रँकला आधी चिरेसाठी मॅग्नेटिक टेस्ट लाव, मग ग्राइंडिंग. ग्राइंडिंगवाल्याला मुद्दाम सांग की जर्नलच्या, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई ठेव, तो कोपरा काटकोनात कापला की क्रँक तिथूनच तुटतो, आज नाही तर वर्षाने. आधीच दोन-तीनदा घासलेला क्रँक असेल तर नवा घेतलेला बरा. कनेक्टिंग रॉड सरळ आहेत का आणि त्यांची क्रँककडची मोठी टोकं, बिगेंड, अंडाकृती झालीत का हे पण तिथेच बघून घे. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का पट्टीने तपास, वॉल्व्ह सीट आणि गाइड नवे कर.

लायनर-पिस्टन-रिंग एकाच कंपनीचा पूर्ण सेट घे, गोएट्झे, माहले, उषा किंवा आयपीएल यातला जो तुझ्या दुकानदाराकडे पक्क्या बिलावर मिळेल तो. चार पिस्टन एका कंपनीचे आणि रिंगा दुसरीच्या असं करू नको. आणि पिस्टन घेताना बॉक्सवरचा नंबर तुझ्या इंजिनाच्या टाइपशी जुळव, कारण 497 म्हटलं की दुकानदार टर्बोचा पिस्टन पण काढून देऊ शकतो, बोअर सारखाच असतो ना, पण वरचा खड्डा आणि रिंगच्या खाचा वेगळ्या असू शकतात. जुना पिस्टन पिशवीत घालून दुकानात ने आणि शेजारी शेजारी ठेवून बघ, लाजायचं काही कारण नाही. बेअरिंग, ऑइल पंप, गॅस्केट किट, पुढचा-मागचा ऑइल सील आणि हेडचे बोल्ट नवेच. ऑइल पंप लोक वाचवतात, नका वाचवू, सगळं नवं इंजिन त्याच्या जिवावर असतं. आणि डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याच्या बेंचवर चढवल्याशिवाय नवीन इंजिनाला लावायचे नाहीत. एक नोझल थेंब गाळत असेल तर नवाकोरा पिस्टन वरून जळतो.

गिअरबॉक्सचं बघ. थर्ड गिअर उतारावर सुटतो याची कारणं चार-पाच आहेत आणि त्यातली दोन तर गिअरबॉक्स न उतरवता सापडतात. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बसले असतील तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर पूर्ण गठ्ठा हलतो आणि लिव्हर गिअर ओढून काढतो. लिंकेजचे बुश ढिले असतील तर गिअर मुळात पूर्ण बसतच नाही. हे आधी बघ, काही शेकड्यांचं काम आहे. ते ठीक असेल तर मग गिअरबॉक्स खोलायचा, आणि आत बघायचं की थर्डच्या गिअरचे आणि स्लीव्हचे दात टोकाला गोल झालेत का, सिंक्रो रिंग (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणारी पितळी कडी) झिजलीय का, शिफ्टर फोर्क एका बाजूने खाल्लाय का, लॉकची गोळी आणि स्प्रिंग जिवंत आहे का आणि मेन शाफ्टच्या बेअरिंगला किती खेळ आहे. बहुतेक वेळा एक गिअर, स्लीव्ह, सिंक्रो रिंग आणि बेअरिंगचा सेट यात भागतं. बेअरिंग एसकेएफ, एफएजी, एनबीसी किंवा टिमकेन असं नावाचं घे आणि डब्यावरचा नंबर बेअरिंगवर कोरलेल्या नंबराशी जुळव, कारण या मालात नकली फार आहे. गिअर आणि त्याच्या समोरचा ले शाफ्टवरचा गिअर दोन्ही बघ, नवा दात जुन्या झिजलेल्या दाताशी घातला की गुरगुरतो. केसिंगला चीर गेली असेल किंवा बेअरिंग बसायची जागाच मोठी झाली असेल, तरच दुसरा गिअरबॉक्स शोधायचा.

दुसरा शोधायची वेळ आलीच तर केसिंगच्या पाटीवरचा टाइप नंबर लिहून ने, नुसतं "407 चा द्या" म्हणू नको. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (त्यावरच्या उभ्या खाचा) मोज, खरंच बोटाने मोज, कारण क्लच प्लेटचा हब त्याच संख्येचा लागतो. शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं, ते माप जुळलं पाहिजे. गिअरबॉक्सची लांबी थोडी जरी वेगळी असली तर मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लहान-मोठा करावा लागतो, मग त्याचं बॅलन्सिंग, मग सेंटर बेअरिंग, असा खर्च मागून येतो. तुझी नाक असलेली एसएफसी आहे का सपाट तोंडाची एलपीटी ते तू लिहिलं नाहीस, पण या दोघींचं लिंकेज आणि माउंटिंग एकच असेल असं धरून चालू नको.

आणि रेशो, म्हणजे पुढची एक फेरी व्हायला मागचं किती फिरतं तो हिशोब. हे कोणीच बघत नाही आणि मला वाटतं तुझ्या रस्त्याला हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तू भरलेला उतरतोस आणि रिकामा चढतोस. म्हणजे तुला ताकदीपेक्षा धरून ठेवणारा गिअर पाहिजे. हिशोब सोपा आहे. 7.50-16 चा टायर एका फेरीत साधारण 2.4 मीटर जातो, ताशी 60 ला मिनिटाला 1000 मीटर म्हणजे चाकाच्या चारशेच्या वर फेऱ्या. समजा मागच्या एक्सलच्या हाउसिंगचा रेशो 5 आहे आणि टॉप गिअर सरळ (एकास एक) आहे, तर इंजिन मिनिटाला 2000 च्या थोडं वर फिरतं. त्याच गाडीला कोणी टॉपला 0.8 ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स लावला तर इंजिन साडेसोळाशेच्या आसपास येतं, हायवेला डिझेल वाचेल कदाचित, पण बिनटर्बोच्या इंजिनाला भरल्यावर तिथे ओढ राहत नाही. खालच्या गिअरांचे रेशो पण बदलले असतील तर घाटात आजपर्यंत ज्या गिअरला गाडी शांत उतरत होती त्याच गिअरला ती पळायला लागेल. म्हणून ज्या रेशोचा होता त्याच रेशोचा घ्यायचा.

आता मित्राचं 709 चं टर्बो. मित्राचं मन चांगलं आहे, पण इंजिन एकटं नसतं रे. जास्त ताकदीचं इंजिन आलं की क्लच मोठा लागतो, क्लच मोठा म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं बेल हाउसिंग पण बदलायचं, मग तुझ्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट ती ताकद किती दिवस सोसेल, त्याच्या मागे प्रॉपेलरचे क्रॉस, त्याच्या मागे क्राउन-पिनियन (मागच्या हाउसिंगमधले गिअर) आणि एक्सल. रेडिएटर लहान पडतो, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जागा काढावी लागते, सायलेन्सरचा पाइप नवा. आणि एवढं करून ब्रेक तेच जुने. वेग वाढवणारं सामान घालून थांबवणारं सामान तेच ठेवायचं, घाटात चालणाऱ्या गाडीला मी हे करू देणार नाही. शिवाय आरटीओचा प्रश्न आहेच.

तो पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलाचे नियम आहेत, आरसी बुकावरची माहिती आणि गाडी जुळली पाहिजे. इंजिन बदललं की नंबर बदलतो, मग आरटीओची परवानगी, 14 दिवसांत कळवणं, आरसीवर नवा नंबर चढवणं, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं एनओसी, आणि विमा कंपनीला पण सांगावं लागतं. हे राहिलं आणि उद्या अपघात झाला तर क्लेम अडकतो. तुझाच ब्लॉक बांधला तर नंबर तोच राहतो, या भानगडीतलं काहीच नाही. मी स्वतःचं इंजिन बांध म्हणतो त्यातलं हे अर्धं कारण आहे.

ब्लॉकच फुटलेला निघाला तर मात्र बाहेरचं घ्यावं लागेल. तेव्हा आधी डीलरकडे टाटाच्या प्रोलाइफची चौकशी कर, कंपनीच जुनं इंजिन घेऊन रिकंडिशन्ड लाँग ब्लॉक (हेडसकट बांधलेलं इंजिन) देते, तुझ्या टाइपचं मिळतंय का, वॉरंटी किती आणि नंबराचा कागद काय मिळतो हे लेखी विचार. ते नाही जमलं तर कुर्ला. तिथे जायचं तर मिस्त्रीला घेऊन दिवसा जा, इंजिन चालू करून ऐकव म्हण, चालू होत नसेल तर ऑइल पॅन आणि हेड उघडून दाखव म्हण, नाही म्हणाला तर उठून ये. इंजिन नंबर हात लावून बघ, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकट दिलं तरी घेऊ नको, चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुझ्या दारात. बिलावर इंजिन नंबर पाहिजे आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद पाहिजेत. आणि पुरातलं इंजिन ओळखायला शिक. 2019 ला सांगली-कोल्हापूरला, 2021 ला चिपळूण-महाडला गाड्याच्या गाड्या बुडाल्या, अशा गाड्यांचं सामान पुढे बाजारात येतं. बेल हाउसिंगच्या आतल्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, फ्लायव्हीलवर गंजाचा पट्टा, ऑइल दुधासारखं, ही खूण. पाणी ओढलेल्या इंजिनाचा रॉड वाकलेला असतो, बाहेरून काही कळत नाही.

आणि जोडी म्हणून घेतलंस तरी पंप, अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप तुझ्या गाडीला बसतो का बघ, तुझ्या ब्रेकची मदत व्हॅक्यूमवर आहे, तो कमी पडला तर पॅडल दगडासारखं होतं.

इंजिन-गिअरबॉक्स खाली असताना जे सामान स्वस्तात बदलता येतं ते आत्ताच बदल, परत उतरवायची मजुरी मोठी असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, सगळे माउंटिंग रबर, प्रॉपेलरचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, सगळे होज. फ्लायव्हीलवर उष्णतेच्या बारीक चिरा असतील तर मशीन करून घे. गिअर ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, दुकानदार भारी म्हणून जीएल-5 देतो पण पितळी सिंक्रो रिंगांना त्यातलं रसायन खातं, पुस्तकात जीएल-4 असेल तर जीएल-4 च घाल. सामान पुण्याला नाना पेठेत जाऊन घेतलंस तरी चालेल, फक्त जीएसटीचं बिल घे, त्याशिवाय परत बदलून कोण देणार.

या सगळ्याच्या आधी एक दिवस गाडीखाली झोप आणि चेसिस बघ. स्प्रिंगच्या हँगरजवळ, क्रॉस मेंबरच्या रिव्हेटपाशी चिरा आहेत का, हातोडीने ठोकून गंज किती आत गेलाय. 15 वर्षांवरच्या गाडीला फिटनेसची फी 2022 पासून चांगलीच वाढलीय आणि तुला ती दरवर्षी भरायची आहे. चेसिस आणि केबिन सडलेली असेल तर बाळा, वडिलांची गाडी असली तरी हे पैसे दुसऱ्या चांगल्या 407 मध्ये घालायला सांगेन, आणि ते वडिलांना तू नाही सांगू शकलास तर माझं हे उत्तर वाचून दाखव.

चेसिस चांगली निघाली, इंजिन बांधून झालं, की चालू करायच्या आधी नोझलचे पाइप सोडून स्टार्टर मारून ऑइल प्रेशर येऊ दे. तासन् तास आयडलिंगला ठेवू नको, रिंगा बसत नाहीत त्याने, अर्ध्या लोडवर मध्यम वेगाने चालव, पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदल आणि तो फिल्टरपण कापून बघ. पहिल्या काही फेऱ्या नारायणगाव, आळेफाटा अशा जवळच्या मार, थर्डला गाडी धरून ॲक्सिलरेटर सोड आणि लिव्हरवर हात न ठेवता बघ गिअर टिकतो का, असं वीस-पंचवीस वेळा रिकाम्या रस्त्यावर कर. मग अर्धा माल भरून माळशेज उतर. कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि क्रँकचं माप आलं की मला कळव, पिस्टनचा आणि बेअरिंगचा साइज आपण फोनवर बसून ठरवू, तोवर दुकानात एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नको.